ट्रॉम्सोची नॉर्दर्न लाइट्स मिनीबस टूर : पाचपैकी चार

फेब्रुवारीत चार रात्रींसाठी नॉर्वेत ट्रॉम्सोला जाऊन आलो, मी, नवरा आणि सासूबाई (वय 68, एक गुडघा धड, दुसरा जेमतेम). जायचं कारण एकच, नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे ध्रुवाकडच्या भागात रात्री आकाशात दिसणारे रंगीत प्रकाशाचे पट्टे. दोन टूर घेतल्या, पहिल्या रात्री मोठ्या बसची आणि तिसऱ्या रात्री आठ सीटांच्या मिनीबसची. हा रिव्ह्यू खरं म्हणजे दुसरीचा आहे पण पहिलीचं रडगाणं थोडं ऐकावं लागेल, नाहीतर दुसरीला जवळजवळ दुप्पट पैसे का मोजले ते कळणार नाही. नावं लिहीत नाहीये, तिथे असे टूरवाले ढिगाने आहेत आणि कुठलाही घेतलात तरी बघायच्या गोष्टी त्याच आहेत.

तर पहिली रात्र. मोठी बस, पन्नासेक माणसं, माणशी साधारण हजार क्रोनर. बस शहराबाहेर पाऊण तास गेली, एका पार्किंगमध्ये थांबली, वर ढगांची गच्च गोधडी, आणि आम्ही दोन तास तिथे पाय आपटत उभे. गाइडला विचारलं की अजून पुढे जायचं का, तर म्हणे आमची जागा ठरलेली असते. बरं, दिसलं नाही तर पैसे परत नाहीत, पुढच्या ट्रिपवर सूट मिळते, आणि पुढच्या ट्रिपा आमच्या तारखांना फुल्ल! हे सगळं बुकिंगच्या पानावर खाली बारीक अक्षरात होतं, मी वाचलं नव्हतं, चूक माझीच. नवरा बसमध्ये अॅप उघडून बसलेला, केपी फक्त 2 आहे, आज होणारच नव्हतं वगैरे. इथेच आमचं चुकत होतं.

हे केपी प्रकरण मला दुसऱ्या टूरच्या गाइडने नीट समजावलं. केपी म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात किती खळबळ आहे त्याचा 0 ते 9 आकडा. हे लाइट्स उत्तर ध्रुवाभोवती एका बांगडीसारख्या गोल पट्ट्यात असतात, केपी वाढला की तो पट्टा दक्षिणेकडे पसरतो. म्हणजे तुम्ही खाली युरोपात कुठे बसला असाल तर मोठा आकडा हवाच, पण ट्रॉम्सो आर्क्टिक सर्कलच्याही साधारण 350 किलोमीटर वर, जवळपास त्या पट्ट्याखालीच, तिथे 1 किंवा 2 लाही काम होतं. तिथला खरा शत्रू ढग. समुद्रकाठचं गाव, कोमट प्रवाहामुळे थंडी त्या मानाने बरीच कमी (आम्हाला गावात उणे 3 होतं) पण त्याच समुद्रामुळे ढग आणि बर्फ दोन्ही भरपूर. त्यामुळे टूरचे पैसे देता ते लाइट्सचे नसतातच, ढगांतून बाहेर काढून नेणाऱ्या माणसाच्या डोक्याचे आणि डिझेलचे असतात.

दुसऱ्या रात्री बर्फच पडत होता, हॉटेलात बसून सूप प्यायलो आणि झोपलो. दिवसा केबल कारने वर जाऊन आलो, 421 मीटरवरून अख्खं गाव बेटासकट दिसतं, आणि खाली उतरल्यावर ते त्रिकोणी पांढरं आर्क्टिक कॅथीड्रल, चांगलंय, पुढे.

तिसरी रात्र. मिनीबस, माणशी 1,900 क्रोनर, नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता. दुपारी मेसेज आला की पासपोर्ट बरोबर ठेवा, फिनलंडला जावं लागेल. संध्याकाळी साडेसहाला हॉटेलजवळ घ्यायला आले, गाइड आणि ड्रायव्हर एकच, तिशीतली मुलगी. निघायच्या आधी तिने फोनवर सॅटेलाइटचा ढगांचा नकाशा आणि पाठोपाठ रस्त्यावरचे कॅमेरे दाखवले, म्हणाली की पश्चिमेला किनाऱ्याकडे आज काही अर्थ नाही, शिबोटनच्या दरीत डोंगरांमुळे ढग अडतात तिथे थोडा चान्स आहे, नाहीतर सरळ सीमा ओलांडून किल्पिसयार्वी. साधारण 160 किलोमीटर एका बाजूला. हे असं कारणासकट सांगणारा माणूस मिळाला की अर्धे पैसे तिथेच वसूल, पहिल्या बसमध्ये विचारलं तर ‘बघू’ एवढंच उत्तर होतं.

रस्ता घसरडा पण गाडी व्यवस्थित चालवली, खिळ्यांचे टायर होते. वाटेत एका पेट्रोल पंपावर शेवटचा टॉयलेट स्टॉप, तिथे जाऊनच घ्या, पुढे काहीही नाही, उघड्यावर उणे 20 मध्ये सहा थर सोडायची वेळ येऊ नये. शिबोटनला खिडकी खाली करून तिने मान बाहेर काढली आणि म्हणाली तारे अर्धेच आहेत, पुढे जाऊ. सीमेवर कोणी अडवलं नाही (दोन्ही देश युरोपातल्या शेंगेन गटात, एकच व्हिसा पुरतो, तरी पासपोर्ट लागतो), फक्त सगळ्यांच्या फोनमधलं घड्याळ एका तासाने पुढे उडालं आणि आई (म्हणजे सासूबाई) दचकून म्हणाल्या, ‘अगं साडेदहा वाजले? झोपायची वेळ गेली की.’

किल्पिसयार्वीला गोठलेल्या तळ्याच्या काठी थांबलो. उणे 22. तारे इतके की नवरा एकदम गप्प. गाडीतच थर्मल सूट आणि बूट दिले, सूट जाड आणि उबदार, पण माझ्या सूटची चेन अर्ध्यावर अडकली, ती मुलगी गुडघ्यावर बसून पाच मिनिटं झटली आणि शेवटी मेणबत्ती घासून चेन वर नेली. हातमोजे मात्र आपले आपण न्या, त्यांचे पातळ होते. आत एक पातळ जोड आणि वर बोटं एकत्र असलेला जाड जोड, म्हणजे फोटो काढताना वरचा काढला तरी बोटं गळत नाहीत. फोनची बॅटरी थंडीत धाडकन पडते, नवऱ्याचा 60 टक्क्यांवरून बंद. पॉवर बँक कोटाच्या आतल्या खिशात ठेवा, बॅगेत नाही.

पहिला अर्धा तास काही नाही. मग उत्तरेला डोंगराच्या वर एक फिकट पांढरट पट्टा. आई म्हणाल्या, ‘ढगच आहे गं तो.’ मलाही तेच वाटलं. गाइडने फोन नाइट मोडवर धरला, फोटोत तो पट्टा चक्क हिरवा. हे कोणी आधी सांगत नाही, की मंद असताना आपल्या डोळ्यांना रंग दिसतच नाही, राखाडीच दिसतं, आणि फोटो बघून गेलेली माणसं समोर लाइट्स असताना शोधत बसतात. वीसेक मिनिटांनी मात्र तो पट्टा हलला. हलला म्हणजे, दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या साडीत वारा शिरावा तसा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला, मग डोक्यावर आला, आणि आता डोळ्यांनाही स्वच्छ हिरवा, खालच्या काठाला दोन-तीन वेळा गुलाबी धावून गेलं. हिरवा ऑक्सिजनचा, साधारण 100 ते 150 किलोमीटर उंचीवरचा, आणि तो गुलाबी काठ नायट्रोजनचा. सूर्याकडून आलेले कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून वळून हवेवर आपटतात म्हणून हे सगळं. हे ओळखणारा माणूस नॉर्वेचाच, क्रिस्टियन बिर्कलँड, त्याने निर्वात पेटीत चुंबकाचा गोळा ठेवून प्रयोग केले होते. गाइडकडे पाकिटात त्याचं चित्र असलेली जुनी 200 क्रोनरची नोट होती, आता चलनात नाही, ती टॉर्चखाली धरून दाखवली. आई नोटेकडे न बघता वरच बघत होत्या. म्हणाल्या, ‘आवाज कसा येत नाही याचा?’ याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं.

खायला गरम फिश सूप थर्मासमधून, शाकाहारी लोकांसाठी पाकिटातलं काहीतरी, ठीकठाक. शेकोटी पेटवायचा कार्यक्रम फसला, लाकडं ओली. ट्रायपॉड आठ जणांत तीनच, स्वतःचा असेल तर न्याच. ज्यांच्याकडे कॅमेरा आहे त्यांनी साधारण आयएसओ 1600 पासून, अॅपर्चर जेवढं उघडेल तेवढं, 5 ते 10 सेकंद, आणि फोकस हाताने ताऱ्यावर लावून ठेवायचा, अंधारात ऑटोफोकस नुसता भिरभिरतो.

ठरवणाऱ्यांसाठी एवढंच, की दोन रात्रींसाठी जाऊ नका. किमान तीन, चार असतील तर जिवाला घोर कमी. सप्टेंबर ते एप्रिलची सुरुवात एवढा सीझन असतो, पण डिसेंबरात तिथे सूर्यच उगवत नाही, दिवसा फिरायचंही असेल तर फेब्रुवारी-मार्च बरा. टूर आधी सगळ्या रात्रींची बुक करू नका, एक रात्र ठरवा आणि बाकीच्या तिथे जाऊन ढग बघून, यर नावाची नॉर्वेजियन हवामानाची साइट बऱ्यापैकी खरं बोलते. मात्र छोट्या गाड्या लवकर भरतात, म्हणून दुपारी बारापर्यंत ठरवा. आणि बुक करायच्या आधी टूरवाल्याला एकच प्रश्न विचारा : जास्तीत जास्त किती लांब जाता? किलोमीटरमध्ये उत्तर आलं नाही तर फोन ठेवा. आकाश मोकळं असेल तर काही न घेता प्रेस्टव्हान तळ्यावर चालत गेलात तरी दिसू शकतं, गावातल्या दिव्यांपासून थोडं लांब आहे ते.

हॉटेलवर पहाटे पावणेचारला, आई बुटांसकट झोपलेल्या, बूट परत द्यायचे म्हणून उठवावं लागलं. पाचवा स्टार कापला तो हातमोजे, लाकडं आणि फोटोंसाठी. फोटो दुसऱ्या दिवशी पाठवतो म्हणाले, आले सहाव्या दिवशी, आणि त्यात आमचा तिघांचा एकुलता एक फोटो असा की मी आणि नवरा पुतळ्यासारखे स्पष्ट, वर आकाश हिरवंगार, आणि मध्ये आईंच्या चेहऱ्याच्या जागी नुसता धूर, कारण आठ सेकंद हलू नका सांगूनही त्यांनी मध्येच वर बघितलं.