अल्बम पालथा घालायचा की उताणा ठेवायचा? स्कॅनर आणि कॅमेऱ्याबद्दल

घरातले जुने फोटो, कागदपत्रं आणि चार जुन्या वस्तू यांच्या डिजिटल प्रती करायला घेतल्या की गाडी याच प्रश्नापाशी अडते: फ्लॅटबेड स्कॅनर घ्यावा, की स्टँडवर कॅमेरा खाली तोंड करून टांगावा? मी दोन्ही करून बसलोय. आधी स्कॅनर, मग कॅमेरा. स्कॅनर अजून टेबलावर आहे, चालूही आहे, पण हल्ली त्याच्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा जास्त वेळ असतो.

सुटे, सपाट फोटो असतील तर स्कॅनरला नावं ठेवायला जागा नाही. काचेवर तीन-चार फोटो मांडा, झाकण लावा, झालं. प्रकाशाची काळजी नाही, फोकसची नाही, कडा काटकोनात आणि रंग पहिल्या फोटोपासून शंभराव्यापर्यंत एकसारखे. 4 बाय 6 इंची फोटो 600 डीपीआयला, म्हणजे इंचाला 600 ठिपके धरून, घेतला की 2400 बाय 3600 ठिपके हातात येतात, म्हणजे दुप्पट आकाराची छपाई आरामात निघते. पासपोर्ट आकाराच्या फोटोला मी 1200 लावायचो. त्याच्याही पुढे गेल्यावर मला फक्त कागदाचे तंतू मोठे झालेले दिसले.

घोडं अडलं ते अल्बमपाशी. आमचा अल्बम जुन्या पद्धतीचा: जाड काळी पानं, मध्ये बटर पेपर, प्रत्येक फोटो चार चिकट कोपऱ्यांत खोचलेला. तो स्कॅन करायचा म्हणजे काचेवर पालथा घालायचा. पालथा घालताना कोपऱ्यांचा वाळलेला डिंक सुटतो, फोटो घसरतो, आणि तो कुठे चाललाय ते आपल्याला दिसतच नाही, कारण आपण अल्बमची पाठ बघत उभे असतो. झाकण लागत नाही, म्हणून तळहाताने पान दाबून धरायचं. तिकडे शिवण कुरकुरायला लागते. अकराव्या पानावर एका फोटोचा कोपरा पान आणि काच यांच्यामध्ये दुमडला गेला. जुना फोटो दुमडला की नुसता कागद वाकत नाही, वरचा जिलेटिनचा थर तडकतो. आत्याच्या त्या फोटोवर आता खांद्यापासून कडेपर्यंत एक बारीक पांढरी रेघ आहे. स्कॅनमध्येही आहे, कारण स्कॅन त्यानंतरचा.

माझा धांदरटपणा त्यात नव्हता असं म्हणणार नाही. सावकाश काम करणारा माणूस कदाचित सगळा अल्बम सुखरूप काढेल. पण इतकी नाजूक वस्तू प्रत्येक पानाला एकदा पालथी घाला म्हणणाऱ्या यंत्रावरून माझं मन उडालं ते उडालंच.

कॅमेऱ्याखाली अल्बम उताणा पडून राहतो. पातळ बाजूखाली टॉवेलची घडी सरकवायची, म्हणजे शिवणीवर ताण येत नाही. मग पान उलटा, बटर पेपर बाजूला करा, शटर दाबा. एखादा फोटो निसटलाच तर समोर दिसतो. मागे पेन्सिलने काही लिहिलेलं असेल तर सुटा फोटो तिथेच उलटून लगेच दुसरी फ्रेम घेता येते, आणि दोन्ही बाजू फाइलींत शेजारी राहतात.

फोकसचाही मुद्दा आहे. सडपातळ, हलक्या स्कॅनरमध्ये बहुधा सीआयएस सेन्सर, म्हणजे काचेला लागून सरकणारी प्रकाश टिपणारी पट्टी, असतो, आणि त्याला काचेला टेकलेलंच नीट दिसतं. वाकलेला फोटो किंवा अल्बमच्या खोबणीकडची बाजू दोन-चार मिलिमीटर वर राहिली की धूसर होते. जुन्या धाटणीच्या जाडजूड सीसीडी स्कॅनरमध्ये चित्र आरसे आणि लेन्समधून सेन्सरवर पडतं, त्याला हा त्रास कमी. फ्रेमच्या काचेला चिकटून बसलेला फोटो तर ओढून काढूच नये, थर काचेवरच राहतो. तो काचेतूनच टिपायचा, आणि ते काम कॅमेऱ्याचं.

आता कॅमेऱ्याची रडगाणी. पहिल्या संध्याकाळी मी आजोबांचा चकचकीत फोटो टिपला आणि त्यांच्या काळ्या कोटावर एक फिकट पांढरा ढग आला. लेन्स पुसली, दिवे हलवले, ढग तिथेच. अर्ध्या तासाने कळलं की तो माझा शर्ट. तेव्हापासून या कामाला काळे कपडे, आणि लेन्सभोवती मध्ये भोक पाडलेला काळा पुठ्ठा. दिवे दोन, एकाच जातीचे, दोन्हीकडून 45 अंशांत; खोलीतला बाकीचा उजेड बंद. प्रकाश सारखा पडतोय का, हे बघायला टेबलाच्या मधोमध पेन्सिल उभी धरायची: दोन्हीकडच्या सावल्या सारख्याच गडद दिसल्या पाहिजेत. कॅमेरा कागदाला समांतर आहे का, यासाठी फोटोच्या जागी छोटा आरसा ठेवायचा. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी आलं की जमलं. हे सगळं लावायला मला अजूनही पाऊण तास लागतो. दहाच फोटो असतील तर तो खटाटोप कोणी करू नये.

सिल्क फिनिशच्या, म्हणजे बारीक उठाव असलेल्या कागदावरच्या फोटोंनी मात्र पारडं आणखी झुकवलं. माझ्या स्कॅनरचा प्रकाश एकाच बाजूने येतो, त्यामुळे प्रत्येक उठाव चमकतो आणि चेहऱ्यावर जाळी पसरल्यासारखी दिसते. दोन दिव्यांत ती बरीच कमी होते. दिव्यांवर पोलरायझिंग (एकाच दिशेच्या प्रकाशलहरी पुढे सोडणारी) फिल्म आणि लेन्सवर तसाच फिल्टर लावून फिरवत गेलं की जवळजवळ विझतेच. कृष्णधवल फोटोंच्या गडद भागांवर वर्षांनुवर्षं चांदी वर येऊन जी निळसर, आरशासारखी झाक धरते, तिच्यावरही हाच उतारा. मात्र उजेड बराच घटतो, शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. स्टँड पक्का हवा आणि शटर टायमरवर.

बारकावे कमी पडत नाहीत. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात 4 बाय 6 इंची फोटो फ्रेमभर घेतला तर इंचाला 1000 ठिपके पडतात. अख्खं 12 इंची पान एकदम घेतलं तर 500. मी पानाची एक फ्रेम घेतो, कारण कोणता फोटो कोणाशेजारी लावलाय हीसुद्धा माहितीच आहे, आणि मग महत्त्वाचे फोटो वेगळे.

फोन चालेल का? त्याच स्टँडवर, त्याच दिव्यांत बऱ्यापैकी चालतो. घाई असेल तर 2016 पासूनचं गूगलचं फोटोस्कॅन ॲप पाच फ्रेम जोडून चकाकी काढतं, तेही वाईट नाही. माझी तक्रार एवढीच की फोन स्वतःची अक्कल वापरतो. आजीच्या फोटोतले दाणे, म्हणजे जुन्या फिल्मचा बारीक रवाळपणा, त्याला खराबी वाटले. त्याने ते पुसले आणि गालांना रंगवल्यासारखी तुकतुकी आणली. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेला कच्चा फोटो, देणारा फोन असेल तर हा त्रास टळू शकतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. साधा टाइप केलेला कागद कशावरही काढा. उठावाचा शिक्का असेल तर एक दिवा बंद करा आणि दुसरा टेबलालगत आडवा धरा: स्कॅनवर कोरी दिसलेली जागा अक्षरं दाखवायला लागते. पेन्सिलीच्या फिकट ओळींचं उलटं असतं, तिरक्या उजेडात कागदाच्या सुरकुत्याच जास्त दिसतात. घड्याळ, चष्मा, पदकं यांच्यासाठी तर स्कॅनरचा विचारही मी करत नाही. चांदीच्या डबीभोवती ट्रेसिंग पेपरचा तंबू केला की खोलीभरची प्रतिबिंबं जातात. शेजारी पट्टी ठेवून एक फ्रेम घ्यावी, मापासाठी.

निगेटिव्हचं गाठोडं मोठं असेल आणि त्यासाठीची सोय असलेला स्कॅनर घरात असेल, तर मी म्हणतो त्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल. नाहीतर खरेदीआधी घरातला सगळ्यात जुना अल्बम काढा, गादीवर ठेवून उघडा आणि किती कोपरे सुटलेत ते मोजा. आमच्या अल्बममध्ये पहिल्या चार पानांतच सात निघाले होते. मी ते नंतर मोजले.