पाळीच्या आधी पोट फुगतं: प्रोबायोटिक कॅप्सूल की पोई-अळसांदे?

पाळी आठवड्यावर आली की पोट फुगतं, शौचाला साफ होत नाही; आणि पाळी सुरू झाली की उलट, पोट बिघडतं. फार्मसीत विचारलं तर ‘हार्मोन बॅलन्स’ची प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत उपयोगी जिवाणूंच्या कॅप्सूलची बाटली पुढे येते. घरी विचारलं तर दही खा म्हणतात. पैसे घालायचे कशावर: कॅप्सूलवर, की आपल्या गोव्याच्या ताटातल्या पोईवर (कोंड्याचा पाव) आणि अळसांद्यांवर (चवळीचा प्रकार)?

आधी आत काय चालतं ते. यकृत इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनला ग्लुकुरोनिक आम्लाची शेपटी जोडून पित्तावाटे आतड्यात सोडतं, म्हणजे ते शौचावाटे बाहेर जावं. काही जिवाणूंकडे बीटा-ग्लुकुरोनिडेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते ही शेपटी कापतं, आणि सुटलेलं इस्ट्रोजेन पुन्हा रक्तात शिरतं. अशा जिवाणूंच्या जनुकांना मिळून ‘इस्ट्रोबोलोम’ म्हणतात. पाळीच्या आधीच्या बद्धकोष्ठतेचं खापर मात्र सगळं जिवाणूंवर फोडू नका. बीजोत्सर्गानंतर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढतं, ते आतडी सुस्तावतं. पाळी आली की गर्भाशयातली प्रोस्टाग्लँडिन्स नावाची रसायनं आतड्यांनाही पिळून काढतात.

आता कॅप्सूल. तिची गंमत अशी, की गुण जातीचा नसतो, नेमक्या वाणाचा (स्ट्रेनचा) असतो. पाठीमागे नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ लिहिलंय, वाणाचा क्रमांक नाही? खाली ठेवा. जिवंत जिवाणूंचा आकडा एक्स्पायरीपर्यंतचा आहे की बनवतानाचा, तेही बघा. आपल्या दमट हवेत बाटली स्वयंपाकघरात ठेवली तर तो आकडा घसरतो. पाळीची लक्षणं कमी करते असा ठाम पुरावा अजून नाही. प्रतिकारशक्ती कमी असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोच.

ताट स्वस्त पडतं, आणि माझा कौल ताटालाच. 1982 साली अमेरिकेत शाकाहारी आणि मिश्राहारी बायकांची तुलना झाली, तेव्हा शाकाहारी बायकांच्या शौचातून जास्त इस्ट्रोजेन बाहेर पडताना दिसलं. कारण म्हणून बोट गेलं अन्नातल्या तंतूंकडे (फायबर). तंतू म्हणजे आपल्याकडे काय? पोदेराकडून (पाववाल्याकडून) मैद्याचा पाव न घेता कोंड्याची पोई, अळसांद्यांचं तोंडाक (रस्सा), तांबडी भाजी (लाल माठ), उकड्या तांदळाची पेज. सान्नां (इडलीसारखी, तांदळाची) आंबवलेली खरी, पण वाफेवर त्यातले जिवाणू मरतात. जिवंत हवेत तर दही, ताक. सोलकढी चवीसाठी प्या, ती आंबवलेली नसते.

एक अडचण आहे: अळसांदे एकदम वाढवले तर पोट आणखीच फुगेल. पाळी संपल्यावर सुरुवात करा, रात्रभर भिजवून, आधी वाटीभरच, आणि पाणी जास्त प्या. दोन-तीन पाळ्या वहीत टिपून ठेवा. फरक नसेल तर मग हवं तर महिनाभर कॅप्सूल, तीही एकाच वाणाची.

तास-दोन तासांत पॅड भिजत असेल, शौचाला जाताना पाळीच्या दिवसांत तीव्र कळ येत असेल किंवा पाळीच चुकत असेल, तर ना पोई ना कॅप्सूल, थेट स्त्रीरोगतज्ज्ञ. शौचाच्या वेळची ती कळ एंडोमेट्रिओसिसचीही (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) असू शकते.