कीडरोधक फुलझाडांचा बियाणे संच : बिया चांगल्या, सोबतचा तक्ता कच्चा

भाजीच्या वाफ्यात फुलझाडे लावून कीड आटोक्यात ठेवावी, या हेतूने विकल्या जाणाऱ्या बियाणे संचाचे हे परीक्षण आहे. खोक्यात झेंडू, नॅस्टर्शियम, अलिसम, शेपू, बेझिल आणि शेवंती अशी सहा पाकिटे आहेत आणि कोणत्या भाजीशेजारी कोणते फूल लावावे हे सांगणारा एक घडीचा रंगीत तक्ता आहे. उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही. याच धर्तीचे संच अनेक जण विकतात आणि त्यांच्या तक्त्यांवरचा मजकूर एकमेकांवरून उतरवल्यासारखा असतो, त्यामुळे पुढील बरेचसे म्हणणे त्यांनाही लागू पडेल. माझे मत आधीच सांगतो : सहापैकी तीन पाकिटांसाठी हा संच घेण्याजोगा आहे, तक्ता मात्र बाजूला ठेवलेला बरा.

बियांबद्दल फारशी तक्रार नाही. बिया भरीव व स्वच्छ आहेत, त्यांत काडीकचरा नाही आणि उगवण एकसारखी झाली. नॅस्टर्शियमचे टपोरे बी बोटाच्या पहिल्या पेराइतके खोल टोचावे लागते, तर अलिसमचे बारीक बी मातीवर भुरभुरून नुसते दाबायचे असते. हा फरक पाकिटांवर नीट दिलेला आहे. खटकते ते झेंडूचे पाकीट. त्यावर केवळ ‘झेंडू’ असे लिहिले आहे. तो बुटका फ्रेंच झेंडू आहे की उंच वाढणारा आफ्रिकन झेंडू, याचा कोठेही उल्लेख नाही. शोभेसाठी झेंडू लावणाऱ्याला याने फरक पडणार नाही, परंतु किडीसाठी लावणाऱ्याचे सगळे नियोजन याच माहितीवर अवलंबून असते. रोपे वाढल्यावर तो फ्रेंच झेंडू असल्याचे दिसले.

आता तक्त्याकडे वळतो. त्याचा सारा भर एकाच विधानावर आहे : फुलांच्या उग्र वासाने कीड पळून जाते. ही समजूत जुनी आहे, पण ती जशीच्या तशी खरी नाही. इंग्लंडमध्ये स्टॅन फिंच आणि रोझमेरी कोलियर यांनी कोबीच्या बुंध्याशी मातीत अंडी घालणाऱ्या माशीचे वर्तन बारकाईने तपासले आणि 2000 साली एक वेगळे स्पष्टीकरण मांडले. उडणारी मादी कोबीच्या वासाने खाली उतरण्यास उद्युक्त होते, मात्र नेमके कोठे उतरायचे हे ती वासावर नव्हे, तर हिरव्या रंगावर ठरवते. भोवती उघडी माती असेल तर हिरवे म्हणून दिसणारी एकच वस्तू असते, ती म्हणजे कोबी. शेजारी दुसरी हिरवी झाडे असतील तर तिची बरीच उड्डाणे चुकीच्या पानांवर संपतात, आणि अंडी घालण्यापूर्वी योग्य पानाचा जो पुनःपुन्हा स्पर्श तिला हवा असतो तो पूर्ण होत नाही. पुढे 2003 मध्ये त्यांनी सुवासिक आणि बिनवासाच्या वनस्पतींची थेट तुलना केली, तेव्हा सुवासिक झाडे वरचढ ठरली नाहीत. याचा व्यवहारातील अर्थ असा की वाफ्यातील मोकळी जागा हिरवी असणे हेच पुष्कळ काम करते, आणि ते काम क्लोव्हरसारखी जमिनीलगत पसरणारी साधी चाऱ्याची वनस्पतीही करू शकते. तक्त्यावर ज्या ज्या ठिकाणी ‘वासाने पळवते’ असे म्हटले आहे, त्यातील निम्म्याहून अधिक ठिकाणी वाचकाने ‘दृष्टीला चकवते’ असे वाचावे.

तरीही वासाचा दावा सरसकट खोडून काढणे न्यायाचे होणार नाही. न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये काचगृहातील टोमॅटोवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की फ्रेंच झेंडूतून बाहेर पडणाऱ्या लिमोनीन या द्रव्यामुळे पांढऱ्या माशीची वाढ मंदावते. मात्र त्यात एक महत्त्वाची अट होती. झेंडू टोमॅटोबरोबर पहिल्या दिवसापासून असेल तर परिणाम चांगला दिसला. माशी पसरल्यावर झेंडू आणून ठेवला तर तो बराच उणा पडला. तक्ता मात्र ‘कीड दिसताच शेजारी झेंडू लावावा’ असे सुचवतो, म्हणजे नेमका उलटा सल्ला देतो. शिवाय बंदिस्त काचगृहात साठून राहणारा वास आणि उघड्यावर वाऱ्याबरोबर वाहून जाणारा वास यांत फरक राहणारच.

झेंडूबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण या संचातील सर्वांत उपयोगी आणि सर्वांत चुकीच्या रीतीने समजावलेले पाकीट हेच आहे. टोमॅटो, भेंडी किंवा गाजर उपटल्यावर मुळांवर गाठी दिसल्या तर तो मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचा (मातीतील दोऱ्यासारख्या सूक्ष्म जंतांचा) प्रताप असतो. फ्रेंच झेंडूच्या मुळांत अल्फा-टरथिएनिल नावाचे द्रव्य असते आणि ते सूत्रकृमींना घातक आहे, हे खरे. पण तक्त्यातील चित्राप्रमाणे वाफ्याच्या चार कोपऱ्यांत चार झेंडू लावून मधल्या टोमॅटोला संरक्षण मिळत नाही. मुळांचा प्रभाव मुळांच्या जवळपासच राहतो. खरा उपयोग हवा असेल तर संपूर्ण वाफा दाट झेंडूखाली निदान दोन महिने ठेवावा, त्या काळात तण वाढू देऊ नये (तणांच्या मुळांवर सूत्रकृमी सुखाने जगतात), नंतर झाडे मातीत गाडावीत आणि मगच भाजी लावावी. हा पिकांच्या फेरपालटाचा भाग झाला, सोबतीच्या लागवडीचा नव्हे. एका पाकिटातील बी यासाठी एका लहान वाफ्याला जेमतेम पुरते.

दुसरा उपयोग सापळा पिकाचा, म्हणजे मुख्य पिकावरची कीड स्वतःकडे ओढून घेणाऱ्या पिकाचा, आणि त्यासाठी उंच वाढणारा आफ्रिकन झेंडू लागतो. टोमॅटोत अर्धे शरीर आत आणि अर्धे बाहेर ठेवून फळ पोखरणारी हिरवट अळी अनेकांनी पाहिली असेल. तिचा पतंग झेंडूच्या कळ्याफुलांवर आवडीने अंडी घालतो. म्हणून टोमॅटोच्या 16 ओळींमागे झेंडूची एक ओळ घेण्याची शिफारस केली जाते, आणि लावणीच्या वेळी टोमॅटोचे रोप 25 दिवसांचे, तर झेंडूचे 40 दिवसांचे असावे असे सांगितले जाते. या पंधरा दिवसांच्या अंतराला कारण आहे : टोमॅटो फुलोऱ्यात येईल तेव्हा झेंडूवरही फुले हवीत, नाहीतर पतंगाला सापळ्याकडे जाण्याचे प्रयोजनच राहत नाही. संचाचा तक्ता दोन्ही बिया एकाच दिवशी पेरायला सांगतो. त्यात आतला झेंडू फ्रेंच निघाल्याने या कामासाठी तसाही तो योग्य नव्हता. आणखी एक गोष्ट तक्त्यावर अजिबात नाही : कोरड्या, उष्ण हवेत झेंडूवर लाल कोळी (पानांतील रस शोषणारा अगदी बारीक जीव) फार लवकर येतो आणि तेथून शेजारच्या वांग्यावर उतरायला त्याला वेळ लागत नाही. पानांवर फिकट ठिपके आणि खालच्या बाजूला बारीक जाळी दिसली की ते झाड काढून टाकणेच शहाणपणाचे.

नॅस्टर्शियमचे पाकीट मला पसंत पडले, पण ते लावणाऱ्याकडून शिस्तीची अपेक्षा करते. या झाडात मोहरीच्या कुळासारखी तिखट द्रव्ये असल्याने कोबीवरील पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्या त्याची पाने खातात, आणि काळा मावा तर देठांवर गर्दी करतो. तक्ता याला ‘मावा-प्रतिबंधक’ म्हणतो, वस्तुतः ते मावा ओढून घेणारे झाड आहे. ओढून घेतलेल्या माव्याचे पुढे काय करायचे, हा प्रश्न तक्त्याने सोडूनच दिला आहे. माव्याची वसाहत दाट झाली की तिच्यात पंख असलेली पिढी जन्माला येते आणि ती उडून मुख्य पिकावर जाते. म्हणून देठ काळे दिसू लागताच, पंखवाले कीटक तयार होण्यापूर्वी, ती फांदी पिशवीत अलगद उतरवून कापून न्यावी. जो हे करणार नाही त्याने नॅस्टर्शियम लावू नये. सापळा रिकामा केला नाही तर तो किडीची रोपवाटिका बनतो. खताचा मोहही येथे टाळावा, कारण सुपीक मातीत हे झाड पानेच पाने धरते आणि फुले कमी देते.

या संचातील खरी मोलाची वस्तू म्हणजे अलिसम, आणि तक्त्याने तिला एक ओळही धड दिलेली नाही. ‘शोभेसाठी कडेला लावावे’ एवढ्यावर बोळवण केली आहे. पांढऱ्या, उथळ, मधाच्या वासाच्या या फुलांचा संबंध किडीशी नसून किडीच्या शत्रूंशी आहे. सिरफिड माशी दिसते गांधीलमाशीसारखी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, परंतु तिला पंखांची एकच जोडी असते, ती डंख मारत नाही आणि हवेत एका जागी स्थिर राहू शकते. तिचे तोंड आखूड असल्याने खोल नळीच्या फुलांतील मकरंद तिला मिळत नाही, आणि अंडी पक्व होण्यासाठी मादीला परागकण लागतात. अलिसम या दोन्ही गरजा भागवते, आणि पेरल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत फुलू लागते. कॅलिफोर्नियातील सलिनास खोऱ्यात सेंद्रिय लेट्यूसच्या शेतांत ते याच कारणाने लावतात, कारण गड्ड्याच्या आत दडलेल्या माव्यापर्यंत पोहोचण्याचा दुसरा सोपा मार्ग नाही.

अलिसमच्या पट्ट्यालगतच्या मिरचीचे माव्याने भरलेले पान उलटून भिंगाने पाहिले, तेव्हा माव्याच्या घोळक्यालगत एक मिलिमीटर लांबीचे, तांदळाच्या कणीसारखे पांढरे अंडे सुटे चिकटलेले दिसले. पलीकडच्या पानावर त्याच माशीची अळी होती : हिरवट, अर्धपारदर्शक, पाय नसलेली, एका टोकाला निमुळती. ती आंधळ्याने चाचपडावे तसे तोंडाकडचे टोक डावीकडे-उजवीकडे फिरवत होती. माव्याला स्पर्श होताच तिने तो पकडला, पानावरून उचलून अधांतरी धरला आणि शोषून त्याचे रिकामे कवच बाजूला टाकले. अशी एक अळी वाढीच्या काळात शेकडो मावे फस्त करते. पुष्कळ बागकाम करणारे हिला पान खाणारी अळी समजून चिरडतात. तक्त्यात सजावटीसाठी मोकळ्या सोडलेल्या जागेत या अंड्याचे आणि अळीचे एक चित्र छापले असते तर संचाची उपयुक्तता दुपटीने वाढली असती.

शेपूचे कामही याच प्रकारचे आहे. त्याच्या छत्रीसारख्या फुलोऱ्यातील इवल्या फुलांवर परोपजीवी गांधीलमाश्या येतात. त्यांपैकी काही कोबीवरील अळ्यांच्या शरीरात अंडी घालतात. अट एवढीच की शेपू फुलू द्यायला हवा. भाजीसाठी पाला कापत राहिल्यास हा लाभ शून्य, आणि एकदाच सगळे बी पेरल्यास फुलोरा एकदमच येऊन संपतो, म्हणून दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने थोडे थोडे पेरावे. बेझिलबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. ते चांगले उगवले, टोमॅटोच्या शेजारी सुखाने वाढले, पण त्याच्यामुळे कोणती कीड कमी झाली असे मी खात्रीने म्हणू शकत नाही.

शेवंतीचे पाकीट मात्र दिशाभूल करणारे आहे. तक्ता म्हणतो की शेवंतीत नैसर्गिक कीटकनाशक असते. ते कीटकनाशक म्हणजे पायरेथ्रिन, आणि ते पायरेथ्रम या शेवंतीच्या दूरच्या नातलगाच्या फुलांत असते; फुले वाळवून त्यांचा अर्क काढल्यावर ते हाती येते. पाकिटात निघालेली शेवंती शोभेची आहे. शिवाय पायरेथ्रमचे जिवंत झाड शेजारी उभे केल्याने त्याचे कीटकनाशक भाजीवर आपोआप पसरत नाही. या जागी मोहरीचे पाकीट दिले असते तर संच कितीतरी सरस झाला असता. कोबीवरील चौकोनी ठिपक्यांच्या पतंगासाठी मोहरी हे नावाजलेले सापळा पीक आहे : कोबीच्या 25 ओळींमागे मोहरीची जोडओळ घेतात, तिची एक ओळ कोबीच्या 15 दिवस आधी आणि दुसरी कोबी लावल्यावर 25 दिवसांनी पेरतात, म्हणजे कोवळी मोहरी शेवटपर्यंत उपलब्ध राहते.

या संचाने काय होणार नाही, तेही विक्रेत्याने स्पष्ट सांगायला हवे. दोडका, काकडी यांवरील फळमाशीला यातील कोणतेही फूल अडवत नाही. तिच्यासाठी गंधसापळे आणि किडकी फळे वेचून नष्ट करणे हे मुख्य उपाय आहेत. गोगलगायी तर झेंडूच्या कोवळ्या रोपांवर तुटून पडतात. आणि लहान वाफ्यात फुलझाडांची दाटी केल्यास ऊन, पाणी आणि अन्न यांत भाजीचा वाटा कमी होतो, त्यामुळे तक्त्यातील ‘प्रत्येक रोपाभोवती फुलांचे कडे’ ही रचना चित्रात शोभली तरी वाफ्यात परवडत नाही. अलिसमची कडेने एक अरुंद पट्टी आणि मधूनमधून शेपूची एखादी छत्री इतके पुरेसे होते.

तक्त्याच्या तळाशी एक सूचना ठळक अक्षरांत आहे : ‘अधिक परिणामासाठी सर्व झाडांवर दर आठवड्याला निंबोळी तेल फवारावे.’ पुढच्या छपाईत ही ओळ काढून टाकावी, अशी माझी उत्पादकाला विनंती आहे. तेलाची फवारणी मऊ शरीराच्या किडींना जशी गुदमरवते तशीच सिरफिडच्या अळीलाही, त्यामुळे ज्या कीटकांना बोलावण्यासाठी अलिसम आणि शेपू लावले त्यांनाच आठवड्याच्या हिशेबाने मारण्याचा हा कार्यक्रम होतो. फवारणी करावीच लागली तर मित्रकीटक नसलेले, फुलावर न आलेले, कीडग्रस्त झाड निवडून फक्त त्यावर, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने करावी, आणि अलिसमच्या पट्टीकडे नळी वळवू नये.