टिश्यू कल्चरचं बटाटा बेणं: मिनीट्यूबर वापरून 10 महिने झाले

आमच्या पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावर खरिपाचा बटाटा, अन बेणं येतं पंजाबातनं, जालंधरकडचं. दरवर्षी नवीन परवडत नाही म्हणून मी घरचंच ठेवायचो, दोन-तीन वर्षांत पानं वर वळायला लागायची, मुठीत दाबली की कागदासारखी वाजायची, झाड खुजं अन खाली नुसत्या गोट्या. हा व्हायरस. बटाटा बघून कळत नाही अन कुठल्याच औषधाने जात नाही.

म्हणून गेल्या नोव्हेंबरात 1000 मिनीट्यूबर आणले. कोंबाच्या टोकाचा मिलिमीटरपेक्षा लहान तुकडा घेतात, तिथं व्हायरस सहसा पोचलेला नसतो, तो लॅबमध्ये बाटलीत वाढवून टेस्ट करतात, निरोगी निघालेल्या रोपांपासूनच पुढं जाळीच्या घरात हे सुपारीएवढे बटाटे.

पहिली तक्रार इथंच. देणारे म्हणले आल्या आल्या लावा, कोंब तर फुटलेलेच नव्हते. निम्मे लावले ते महिना झाला तरी पुढंमागं उगवत होते. उरलेले तीन आठवडे सावलीत पण उजेडाला ट्रेमध्ये पसरले, जाड जांभळट कोंब आल्यावर लावले, ते एकसारखे वर आले.

लागण पाऊण गुंठा, 40 मेशच्या, म्हणजे बारीक छिद्राच्या नेटखाली. नेटमध्ये काटकसर अजिबात नको. मावा हा रस शोषणारा बारीक किडा नुसती सोंड टोचतो अन काही सेकंदात वाय व्हायरस (PVY, बटाट्याचा आणखी एक व्हायरस) देऊन जातो, फवारणीने तो मरेपर्यंत काम झालेलं असतं. दाराजवळ माझी जाळी फाटलेली, फेब्रुवारीत तिथलीच 7 झाडं पिवळ्या-हिरव्या चट्ट्यांची निघाली, खालच्या बटाट्यासकट उपटून लांब पुरली अन बाकीचा पाला लगेच कापला, म्हणजे व्हायरस खाली बटाट्यात उतरायला नको.

पावणेचार पिशव्या निघाल्या. एक बटाटा विकला नाही, सगळं कोल्ड स्टोरेजला, जूनमध्ये 7 गुंठ्यात लावलं. अख्खंच लावलं, कापताना विळ्यानेही काही व्हायरस पसरतात. शेजारीच घरच्या बेण्याच्या सऱ्या होत्या, लांबूनच फरक दिसायचा, ह्याची झाडं सगळी एका उंचीची. करपा, म्हणजे पानं करपवणारा रोग, मात्र दोन्हीकडं सारखाच आला, व्हायरस-फ्री म्हणून करप्याची फवारणी सोडायची नाही. परवा काढणीला 60 फुटाची एकेक सरी वजन केली, घरच्याचे 11 किलो अन ह्याचे 17.

यंदा परत 500 सांगितलेत, ऑक्टोबरातच आणणार म्हणजे कोंबाला वेळ मिळेल, अन दाराला डबल जाळी मारून ठेवलीय.