काचेचा जग की थर्मास? ड्रिप कॉफी मशीन घेण्याआधी

इंदूरच्या महाराणी रोडवरच्या दुकानातून वहिनींचा फोन आला. "भाऊजी, दुकानदारानं दोन मशिनं काढून ठेवलीयत. एक अडीच हजारांचं, काचेच्या जगवालं. दुसरं सात हजारांचं, त्याला थर्मास आहे. कोणतं उचलू? पटकन सांगा."

पटकन सांगता येईना. मी आधी विचारलं, घरात कॉफी पितं कोण?

"मी आणि हे, दोघं काळी. सासूबाई जायफळाची, दुधातली. आणि रविवारी पोह्यांना जो येईल तो."

निम्मा निकाल इथेच लागला. ड्रिप मशीन हे मगभर पातळ, बिनदुधाची कॉफी सावकाश पिणाऱ्यांसाठी आहे. विजेवरचं पहिलं ड्रिप मशीन, विगोमाट, 1954 साली जर्मनीत निघालं. 1972 मध्ये 'मिस्टर कॉफी' आल्यावर अमेरिकेत ते घरोघरी गेलं. दोन्हीकडची कॉफी तशीच. त्यात आपल्या सवयीनं अर्धा कप दूध ओतलं की हाती उरतं ते कॉफीच्या रंगाचं दूध. आणि आपल्या इंदूरच्या लग्नांत वाफेची नळी खुपसून फेसाळतात, वर चॉकलेटची पूड भुरभुरवतात, त्या 'एस्प्रेसो'शी तर याचं काही नातंच नाही. तसा फेस हवा असेल तर पस्तावाल.

काकूंसाठी, म्हणजे वहिनींच्या सासूबाईंसाठी, मी स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर सुचवला. वरच्या भांड्यात पूड, त्यावर उकळतं पाणी, थोड्या वेळानं खाली दाट डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क. वीज नको, गाळायला कागद नको, बिघडायला काही नाहीच. जायफळही त्यातच शोभतं. घरातले सगळेच दुधाची कॉफी पिणारे असतील तर फिल्टरच घ्या आणि वाचलेल्या पैशांची चांगली पूड आणा. दोघं-तिघं काळी पिणारे असतील तरच या दोन मशिनांचा वाद घालण्यात अर्थ आहे.

दोन्हींच्या पोटात गोष्ट एकच. टाकीतलं पाणी तळाच्या ॲल्युमिनियमच्या वाकड्या नळीत उतरतं, नळीला चिकटलेली कॉइल ते उकळवते आणि वाफेचे बुडबुडे पाण्याला ढकलत वर नेऊन पुडीवर सोडतात. पंप नाही, पाणी मागे फिरू नये म्हणून एक झडप, बस. म्हणून साधं मशीनही बरीच वर्षं टिकतं. त्यात उणीव एकच: पुडीवर पडणारं पाणी साधारण 92 ते 96 अंश असावं लागतं, आणि स्वस्त मशिनात सुरुवातीचं पाणी त्याहून बरंच कोमट पडतं. पूड भिजली की झाकण उघडून चमच्यानं एकदा ढवळायचं. चव लगेच सुधारते, आणि याला पैसे पडत नाहीत.

वॅटच्या आकड्यावर दुकानदार फार बोलतात. छोटं मशीन 600 वॅटचं, मोठं 1000 चं, म्हणजे मोठं झटपट, असं सांगतात. पण मोठ्यात पाणीही दुप्पट असतं. पूर्ण भरलं तर दोघांना जवळपास सारखाच वेळ लागतो, सहा ते दहा मिनिटं. 1000 वॅटला साडेचार अँपिअरच्या आसपास करंट लागतो, त्यामुळे साधा 6 अँपिअरचा सॉकेट पुरतो. फक्त मिक्सर आणि हे एकाच एक्स्टेन्शनवर लावू नका.

खरा फरक कॉफी गाळून झाल्यावर सुरू होतो. काचेच्या जगाखाली तवा असतो. पाणी उकळणारी तीच कॉइल नंतर त्याला तापवत राहते आणि कॉफी मंद आचेवर शिजत बसते. पंधरा-वीस मिनिटांत ती कडवट होते, तासाभरानं तिला करपट वास येतो. थर्मासवाल्यात तवा नाही, त्यामुळे दोन तासांनीही कॉफी जवळपास तशीच असते. युरोपात 2015 पासून नियमच आहे: साध्या जगाचा तवा 40 मिनिटांत आपोआप बंद व्हायला हवा आणि थर्मासचं मशीन 5 मिनिटांत. आपल्याकडे घेताना तवा स्वतःहून बंद होतो का, हे दुकानातच विचारा. विसरभोळ्या माणसांच्या घरात हा प्रश्न चवीपेक्षा मोठा आहे.

थर्मासचीही दुखणी आहेत. तोंड अरुंद, हात आत जात नाही. कॉफीचं तेल आत बसलं की आठवड्याभरात वास धरतो. किती उरली ते दिसत नाही. आधी गरम पाण्यानं विसळला नाही तर पहिली कॉफी निम्मी गार. काचेच्या जगाचं दुखणं एकच, पण जबर: तो फुटतो. माझा चौथ्या महिन्यात सिंकमध्ये फुटला. सर्व्हिस सेंटरनं सांगितलं, सुटा जग येत नाही. दुसऱ्या कंपनीचा आणला, तर त्याचं झाकण अर्धा इंच खाली. जगाच्या झाकणानं वरची ड्रिप थांबवणारी झडप दाबली गेली तरच कॉफी खाली उतरते, हे मला तेव्हा कळलं, ओटाभर कॉफी पुसताना. म्हणून पैसे देण्याआधी सुटा जग कुठे मिळतो ते विचारा आणि उत्तर पटलं नाही तर ते मशीन सोडा.

सात हजारांच्या मशिनावर टायमर होता. रात्री पूड-पाणी भरा, सकाळी सहाला कॉफी तयार. ऐकायला छान. पण रात्रभर उघडी पडलेली पूड सकाळी निम्मा वास गमावून बसते. यासाठी मी शंभर रुपयेही जास्त देणार नाही.

खोक्यावरच्या '6 कप'ला भुलू नका. मशीनवाल्यांचा कप 100 ते 150 मिलीचा, आपला मग सव्वादोनशे-अडीचशेचा. शिवाय पूड आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी स्वतः पिऊन टाकते. 600 मिली पाणी आणि 36 ग्रॅम पूड घातली तर हाती 530 मिलीच्या आसपास येतं, म्हणजे दोन मग आणि वर थोडं. पण '12 कप'वालं घेऊन त्यात रोज एक मग करणंही चूक: रुंद भांड्यात पुडीचा थर इतका पातळ होतो की पाणी नुसतं वाहून जातं. दोघांना छोटंच बरं. रविवारच्या मंडळींना दोनदा करा.

पुडीबद्दल जरा जास्त सांगतो, कारण घोळ तिथेच होतो. सियागंजच्या बाजारात 'फिल्टर कॉफी' म्हणून मिळते त्यात बहुधा चिकोरी, म्हणजे एका मुळाची भाजलेली पूड, असते. नियमानुसार अशा मिश्रणात कॉफी 51 टक्के असली तरी चालते. चिकोरी पाण्यात फुगते, बारीक पूड जाळीत चिकटते, आणि पाणी खाली जाण्याऐवजी कडेनं ओसंडतं. मशीन बिघडलं म्हणून लोक परत करायला निघतात. मशिनाला बिनचिकोरीची, रव्यासारखी मध्यम दळलेली पूड हवी. मागवताना 'ड्रिपसाठी' असं सांगितलं की बहुतेक ठिकाणी तशी दळून देतात.

दोन्ही मशिनांत नायलॉनची जाळी येते. कागद त्यावर घालायचा की नाही, हा चवीचा प्रश्न. जाळीतली कॉफी जरा गढूळ, तेलकट, भरीव, कागदातली स्वच्छ. पण कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर कागदच घाला. कॉफीच्या तेलातलं कॅफेस्टॉल हे द्रव्य एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवतं आणि कागद ते बरंचसं अडवतो. छोट्या मशिनाला बहुधा 2 नंबरचा कागद लागतो, मोठ्याला 4 नंबरचा. मला ते इथल्या दुकानांत मिळाले नाहीत, ऑनलाइन मागवतो.

घरी बोअरचं पाणी असेल तर हे कोणत्याही मशिनाचं मरण आहे. क्षार त्या वाकड्या नळीत साचतात, मग पाणी थेंबथेंब येतं आणि मशीन घोरू लागतं. नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यानंही थर बसतोच, हळूहळू. महिन्या-दोन महिन्यांनी टाकीभर पाण्यात दोन चमचे सायट्रिक ॲसिड घालून (किराण्यात 'नींबू सत' म्हणून मागा) मशीन चालवायचं, मग साध्या पाण्यानं दोनदा. निव्वळ आरओचं पाणीही नको. त्यात कॉफी बेचव लागते. मी अर्धं आरओचं, अर्धं नळाचं उकळून गार केलेलं घालतो.

आणि अमेरिकेतून कुणी येणार असेल तर मशीन आणायला सांगू नका. तिकडचं 120 व्होल्टचं असतं. आपल्या 230 वर त्याच कॉइलला साडेतीनपटीहून जास्त वॅट मिळतात. आमच्याकडे एक असं आलं होतं. कॉफी झाली नाही, धूर झाला.

वहिनींना शेवटी मी विचारलं, तुम्ही दोघं एकाच वेळी पिता का? "छे, मी फिरून आले की साडेसहाला, हे साडेआठच्या आधी उठत नाहीत." म्हणजे हिशेबानं थर्मासच. पण त्याच म्हणाल्या, "भाऊजी, काकांच्या आजारपणात दवाखान्यात न्यायचो तो स्टीलचा थर्मास घरात पडलाय. गाळून झाली की त्यात ओतली तर?"

साडेचार हजार वाचले. अडीच हजारांचं घेतलं, सोबत काकूंचा फिल्टर. आठवड्यानं पुन्हा फोन: कॉफीला आल्याचा वास येतोय. त्या थर्मासात वर्षभर चहाच जात होता. खायचा सोडा आणि गरम पाणी घालून रात्रभर ठेवा म्हटलं, आणि झाकणातली रबरी रिंग बदला. वास बहुतेक वेळा तिथेच दडलेला असतो.