कायानुपश्यनेचं शिबिर: काही महिन्यांनंतर काय टिकलं, काय उडून गेलं

शिबिरातून बाहेर पडल्या पडल्या लिहिलेल्या अनुभवांवर मी आता फारसा भरवसा ठेवत नाही. इतके दिवस मौनात, फोनशिवाय काढले की माणूस हवेत असतो. साध्या गोष्टीनेही डोळे भरून येतात आणि आपण कायमचे बदललो असं वाटू लागतं. म्हणून मी लिहायची घाई केली नाही. मधे बरेच महिने गेलेत, उत्साह ओसरलाय, घरची बैठक बंद पडून पुन्हा सुरू झालीये. आता लिहायला हरकत नाही.

आधी थोडी माहिती, कारण ‘ध्यानाचं शिबिर’ म्हटलं की सगळे एकच समजतात. बौद्ध साधनेत भान ठेवण्याचे चार विषय सांगितलेत, त्यांना सतिपट्ठान म्हणतात: काया, वेदना (म्हणजे सुखद-दुःखद जाणीव), चित्त आणि धम्म (मनात येणारे विषय). त्यातल्या पहिल्यावर, म्हणजे शरीराकडे भान ठेवून पाहण्यावर, कायानुपश्यनेवर आमचा भर होता. आधार मज्झिम निकाय या पाली संग्रहातल्या दहाव्या सुत्ताचा (बुद्धांच्या प्रवचनाचा), म्हणजे सतिपट्ठान सुत्ताचा. त्यात शरीराकडे पाहण्याचे चौदा प्रकार येतात: श्वास; चालणं, उभं राहणं, बसणं, आडवं होणं या शरीराच्या चार अवस्था; रोजच्या हालचालींतलं भान, म्हणजे संपजञ्ञ, शरीराचे वेगवेगळे भाग, चार धातू (पृथ्वी, आप, तेज, वायू), आणि शेवटी स्मशानातल्या प्रेताच्या नऊ अवस्था. एवढं सगळं एका शिबिरात होत नाही. कुठलं किती करायचं, ते परंपरेवर ठरतं. विपश्यनेचे शिक्षक गोएंका गुरुजी यांच्या दहा दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस आनापान (श्वासावर लक्ष) आणि चौथ्या दिवशी अंगभरच्या संवेदना पाहायला सुरुवात होते. ब्रह्मदेशातले भिक्खू महासी सयाडो (१९०४–१९८२) यांच्या पद्धतीत पोटाचं वर येणं-खाली जाणं हा मुख्य आधार, आणि बैठकीच्या बरोबरीने चंक्रमण, म्हणजे भान ठेवून चालणं. मी गेले ते या दुसऱ्या वळणाचं. तासभर बसायचं, तासभर चालायचं, पहाटेपासून रात्रीपर्यंत. अष्टशील (शिबिरापुरते पाळायचे आठ नियम) असल्यामुळे दुपारनंतर जेवण नाही. त्याची धास्ती घेऊन गेले होते, पण त्याचा त्रास फार झाला नाही. त्रास झाला तो गुडघ्याचा.

तर गुडघा. या पद्धतीत जे जाणवेल त्याची मनात शब्दाने नोंद घ्यायची असते. ‘दुखतंय’ ही नोंद पहिल्या एक-दोन दिवसांत शेकड्याने झाली असेल आणि तिचा काही उपयोग झाला नाही. शिक्षकांनी विचारलं, ‘दुखतंय म्हणजे नेमकं काय होतंय?’ मग बघायला लागले. गुडघ्याच्या आतल्या कडेला ऊब होती, ती वाढत वाढत भाजल्यासारखी व्हायची. वाटीखाली ताण होता, एका रेषेत. आणि मधूनच एक ठणका, तो मात्र सलग नव्हता. दोन ठणक्यांच्या मधे चक्क काहीच नसायचं. या सगळ्यापेक्षा मोठी भानगड गुडघ्यात नव्हतीच, ती जबड्यात होती. ‘अजून किती वेळ?’ हा विचार आला की दात एकमेकांवर घट्ट बसायचे, खांदे कानांकडे सरकायचे आणि मांडी आवळली जायची. मांडी आवळली की गुडघ्यावर आणखी ताण. म्हणजे निम्मं दुखणं मीच वरून घालत होते. जबडा सैल सोडला की गुडघा बरा होत नाही, एवढं स्पष्ट सांगते. पण उरतं ते सोसण्याजोगं असतं.

पण सोसणं म्हणजे साधना नव्हे. काही साधक हलायचं नाही म्हणून हट्टाला पेटलेले पाहिले. उठून चालायला लागल्यावरही जे दुखणं जात नाही, ते बसण्याच्या पद्धतीतलं किंवा सांध्यातलं आहे असं समजून बैठक बदलावी. खुर्ची मागायला लाजू नये. सुत्तात पाय दुमडून, पाठ सरळ ठेवून बसायला सांगितलंय, पण त्याच सुत्तात उभं राहणं आणि आडवं होणंही साधनेतच धरलंय. आणि पाय बधिर झाला असेल तर घंटा वाजल्यावर लगेच उठू नका. बसण्याने नस दाबली गेलेली असते. पायात जीव येईपर्यंत थांबा, नाहीतर घोटा मुरगळायचा.

चंक्रमणाबद्दल मी साशंक होते. सावकाश चालण्यात काय ध्यान असणार? सुरुवातीला फक्त ‘डावा, उजवा’. मग एका पावलाचे तीन भाग: उचललं, पुढे नेलं, ठेवलं. पुढे त्याचे सहा होतात. वेग उतरला तसं कळलं की टाच उचलण्याच्या आधीच सगळा भार दुसऱ्या पायावर गेलेला असतो, आणि त्या एका पायावर आपण सतत डुगडुगत असतो. घोट्याभोवतीचे बारीक स्नायू एकसारखे सावरत असतात. वाटेच्या टोकाशी वळताना आधी डोळे वळतात, मग मान, मग कंबर, पाय सगळ्यात शेवटी. आणि डोळे वळण्याच्याही आधी ‘आता वळायचं’ अशी एक हलकीशी ओढ असते. ती ओढ पहिल्यांदा दिसली तेव्हा मी तिथेच उभी राहिले. इतकी वर्षं स्वतःच्या पायांनी चालतेय आणि चालणं कसं होतं याचा पत्ता नाही!

मधल्या दिवसांत ती प्रसिद्ध अवस्थाही आली. अंगाच्या कडा विरघळल्यासारख्या, हात कुठे संपतात ते कळत नाही, सगळीकडे बारीक सळसळ, मन हलकं. फार छान वाटलं. पुढची प्रत्येक बैठक मग ते पुन्हा कधी येतंय याची वाट पाहण्यात गेली, आणि ते अर्थातच आलं नाही. शिक्षकांना मोठ्या उत्साहाने सांगितलं, तर त्यांनी मान हलवून विचारलं, ‘बरं, आणि चालताना?’ तेव्हा जरा राग आला होता. आज वाटतं, शिबिरात माझ्याशी बोललेलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच.

कारण आता हिशोब मांडते तर चित्र उलटं आहे. ती सळसळ घरी एकदाही आली नाही. श्वासावरची धार दोन-तीन आठवड्यांत बोथट झाली. तासभराची बैठक वीस मिनिटांवर आली, तीही रोज होतेच असं नाही. सावकाश चालणं घरात जमतं, बाहेर लोक बघतात. जे शिबिरात भारी वाटलं होतं ते बहुतेक सगळं उडालं. राहिलं ते तिथे किरकोळ वाटलेलं: चार अवस्था आणि संपजञ्ञ. दार उघडताना, कपडे घालताना, वाकताना, घास घेताना काय होतंय ते कळत राहणं.

जेवणाचं उदाहरण देते. तोंडातला घास अजून चावून व्हायचाय आणि हातात पुढचा घास तयार असतो. हे शिबिरात दिसलं आणि आता जवळजवळ रोज दिसतं. दिसलं की हात आपोआप खाली जातो, मला काही करावं लागत नाही. फोनचंही तसंच. फोन घ्यायचं ‘ठरवलं’ असं कधी नसतंच. खांदा आधी हलतो. एखादा नकोसा मेसेज उघडताना मी श्वास धरून ठेवते आणि जीभ टाळूला चिकटते, हे मला शिबिराआधी माहीत नव्हतं. आता कळतं, आणि कळलं की श्वास सुटतो. रागाचा सुगावा शब्द फुटायच्या आधी पोटात लागतो. त्यामुळे मी शांत झालेय असं घरचे म्हणणार नाहीत. बरेचदा सुगावा लागतो आणि शब्द तरीही निघतोच. पण पूर्वी अर्धा दिवस धुमसत असे, ते बरंच आटोपशीर झालंय.

झोपेचा फायदा होईल असं ऐकून जाणार असाल तर जपून. रात्री आडवं पडून अंगभर लक्ष फिरवल्याने मला झोप लवकर लागत नाही. जागं असण्याचा वैताग तेवढा कमी होतो.

एका भागाबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण त्यावर कुणी फारसं लिहीत नाही. एका संध्याकाळी शरीराच्या भागांचं ध्यान दिलं. केस, लोम (अंगावरची लव), नख, दंत, त्वचा ही पहिली पाच. नव्याने प्रव्रज्या (भिक्खू होण्याची दीक्षा) घेणाऱ्याला हीच पाच देतात, आधी सुलट क्रमाने, मग उलट. सतिपट्ठान सुत्तात असे एकतीस भाग आहेत, नंतरच्या यादीत मेंदू धरून बत्तीस. याला पटिकूल मनसिकार (ओंगळपणाकडे लक्ष देणं) म्हणतात आणि शरीराची किळस आणणं हाच याचा हेतू, असं काही जण सांगतात. माझ्या शेजारी बसणारी एक मुलगी त्यानंतर अस्वस्थ दिसली. शेवटच्या दिवशी मौन सुटल्यावर म्हणाली, ‘ताई, मला आधीच माझं अंग आवडत नाही, त्यात हे.’ तिचं म्हणणं रास्त आहे. स्वतःच्या शरीराचा आधीच तिटकारा असणाऱ्यांनी हा भाग शिक्षकांशी बोलल्याशिवाय करू नये. सुत्तातली उपमा वाचली तर सूर निराळा लागतो: दोन्ही बाजूंनी तोंड असलेली धान्याची पिशवी, डोळस माणूस ती उघडून बघतो आणि म्हणतो, हे भात, हे मूग, हे उडीद, हे तीळ. धान्य बघून कुणाला किळस येत नाही, भुरळही पडत नाही. मला वाटतं, रोख तिथे आहे. याचा अतिरेक कुठवर जातो तेही परंपरेने लपवलेलं नाही. वैशालीत अशुभ ध्यान (शरीराच्या ओंगळ बाजूचं ध्यान) करणाऱ्या भिक्खूंना शरीराचा इतका उबग आला की कित्येकांनी जीव दिला, आणि मग बुद्धांनी संघाला आनापानसती, म्हणजे श्वासाचं भान शिकवलं, असा प्रसंग संयुत्त निकाय या पाली संग्रहात आहे.

शिबिराच्या व्यवस्थेविषयी एकच तक्रार, पण मोठी. शिक्षकांशी बोलायला मिळायची जेमतेम पाच मिनिटं, आणि तीही एक दिवसाआड. शरीर उघडून बघायला सांगताय, तर त्यात जुनी भीती सापडली की विचारायचं कुणाला? एकांना मधेच छातीत धडधड सुरू झाली, तर ‘फक्त नोंद घ्या’ एवढंच उत्तर मिळालं. हे पुरेसं नाही. अशा वेळी डोळे उघडून, तळपाय जमिनीला टेकवून बसणं, थोडं जोरात चालणं, गरज पडली तर साधना थांबवणं हे आधीच सांगायला हवं होतं. मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका, शिबिराच्या अर्जात ते लपवू नका आणि तिथे गेल्यावर गोळ्या परस्पर बंद करू नका.

ज्यांना इतके दिवस काढणं शक्य नाही किंवा पाली शब्दांचं ओझं वाटतं, त्यांना जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय केंद्रात सुरू केलेला आठ आठवड्यांचा कार्यक्रम आता बऱ्याच ठिकाणी मिळतो. त्यातला आडवं पडून पायापासून डोक्यापर्यंत लक्ष नेण्याचा सराव याच कुळातला. मैत्रिणीने केला, तिला आवडला. माझ्या मते त्यात चालण्याला पुरेसा वाव नाही, पण मी आता चंक्रमणाच्या बाजूने पक्षपाती झालेय हेही खरं.

पुन्हा जाणार का? हो. फक्त अर्ज करण्याआधी दोन गोष्टी विचारून घेईन: चंक्रमणाला बैठकीइतका वेळ आहे का, आणि शिक्षकांशी रोज बोलता येतं का. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर ते शिबिर मी घेणार नाही.