फोनवरचा मराठी कळफलक : सोय उत्तम, शुद्धलेखनाला उपयोग बेताचा

नववी-दहावीची मुले आपापसांत मराठीत निरोप पाठवतात ते बहुधा रोमन लिपीत, आणि तेही स्वर गाळून. ‘मग’ म्हणजे नुसती एम आणि जी ही दोन अक्षरे. ही सवय एसएमएसच्या काळापासूनची आहे. एका एसएमएसात रोमन अक्षरे १६० मावत, देवनागरीत मात्र ७०च, आणि त्यांत प्रत्येक काना, वेलांटी वेगळी मोजली जाई. मर्यादा गेली तरी सवय राहिली. अशा मुलांना देवनागरीकडे आणण्यासाठी पालक आणि शिक्षक हल्ली रोमनमध्ये टाइप करताच मराठी शब्द सुचवणारा फुकट कळफलक फोनमध्ये घालून देतात. त्याबद्दलचा हा अभिप्राय.

वेगाच्या बाबतीत त्याला नावे ठेवायला जागा नाही. जोडाक्षरांसाठी खटपट करावी लागत नाही आणि मूल तासाभरात सरावते. प्रश्न आहे तो वरच्या सूचनांच्या पट्टीचा. ‘परीक्षा’ लिहिताना रोमनमधला आय एकच असतो. री दीर्घ आहे हे ठरवतो कळफलक, मूल फक्त बोट टेकवते. म्हणून निरोपात अचूक ‘परीक्षा’ लिहिणारी मुलगी वहीत बिनदिक्कत ‘परिक्षा’ लिहिते, आणि दहावीची उत्तरपत्रिका अजून हातानेच लिहायची असते. शिवाय पट्टी नेहमी बरोबरच असते असेही नाही. ‘दुधात’ लिहू गेल्यास शेजारी ‘दूधात’ही हजर होते, ‘दूध’मधला दीर्घ ऊकार सामान्यरूपात ऱ्हस्व होतो हे ज्याला माहीत नाही त्याने निवड कशाच्या आधारे करावी? चुकीचा शब्द काही वेळा निवडला गेला की पुढे तोच आधी सुचवला जातो, हे तर अधिकच वाईट. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या १८ नियमांपैकी (१९६२चे १४ आणि १९७२चे ४) बरेचसे याच ऱ्हस्व-दीर्घाभोवती फिरतात आणि नेमका तोच निर्णय येथे मुलाच्या हातून काढून घेतला जातो.

त्या मानाने मुलांच्या लघुरूपांचा बाऊ उगीचच केला जातो, असे माझे मत आहे. उत्तरपत्रिकेत ‘मग’ रोमनमध्ये लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री विद्यापीठाच्या संशोधकांनाही १० ते १२ वर्षांच्या मुलांमध्ये अशा लघुरूपांमुळे वाचन-लेखन बिघडल्याचे आढळले नाही, उलट संबंध अनुकूल दिसला. अर्थात तो अभ्यास इंग्रजीचा होता आणि ऱ्हस्व-दीर्घाची अडचण त्या भाषेत या रूपात नाही.

पर्याय म्हणून इनस्क्रिप्ट, म्हणजे रोमनऐवजी थेट देवनागरी अक्षरांच्या कळा असलेला कळफलक, मला अधिक पटतो. त्यात ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटीला स्वतंत्र कळा आहेत, त्यामुळे कोणती हवी हे लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते. तो शिकायला मात्र चिकाटी लागते, फोनवर कळा बारीक पडतात, ‘ळ’ आणि ‘ऱ’साठी शिफ्ट दाबावी लागते, मित्रांशी गप्पा मारताना कोणतेही मूल तो आपणहून उघडणार नाही. बोटाने पडद्यावर अक्षरे गिरवण्याची सोय असलेले कळफलकही आहेत, परंतु त्यांतही अखेर पट्टीच आपला शब्द पुढे करते.

गप्पांपुरता रोमनवरून चालणारा कळफलक जरूर ठेवावा. शाळेचा निबंध फोनवर लिहायचा असेल तर सेटिंगमध्ये सूचना बंद करून इनस्क्रिप्टवर लिहावा.